तपकिरी पंखांचा दाखला

संपादकांनी पत्र धाडून 'सर्वांना समजेल असे' लिहावयास सांगितले आहे, आणि फुलपाखरांच्या नावाने वाचक निळ्या-पिवळ्या रंगांची अपेक्षा बाळगणार हे उघडच आहे. तथापि ज्या कुळाच्या अभ्यासात माझी उमेद खर्च झाली ती फुलपाखरे तपकिरी असून, पावसाळ्यातल्या तिन्हीसांजेला त्यांतील 'कॉमन ईव्हनिंग ब्राउन' गिरगावातल्या एखाद्या चाळीत दिव्यापाशी येऊन बसले, की त्याला सरसकट पतंग ठरवून केरसुणीने बाहेर घालवले जाते. याचे मला आजही वाईट वाटते.

गेल्या पौषात परळच्या एका सद्गृहस्थांनी अशाच एका तपकिरी फुलपाखराचे छायाचित्र पाठवून नावाचा तगादा लावला. 'मायकॅलेसिस, जाती अनिश्चित' हा माझा खुलासा त्यांना मुळीच रुचला नाही. तज्ज्ञ म्हणवतो त्याने नाव दिलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पण नाव द्यावे कशावरून? या वंशातील 'पर्सियस' आणि 'मिनियस' या दोन जाती पावसाळ्यात ओळखता येतात, कारण मागच्या पंखाच्या खालच्या बाजूस, कोपऱ्याकडील चार नेत्रबिंदूंचे शुभ्र मध्य मिनियसमध्ये एका सरळ रेषेत येतात आणि पर्सियसमध्ये येत नाहीत. कोरडा ऋतू लागला की तेच नेत्रबिंदू आकसून सुईच्या टोकाएवढे उरतात, पंख वाळल्या पाचोळ्याशी एकरूप होतात, आणि नराच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचा गंधखवल्यांचा पट्टा, जो अशा वेळी साक्षीस यावा, तो मिटलेल्या पंखांत झाकलेला असतो. मादीला तर तो नसतोच.

ऋतूने केलेला हा वेषपालट मोठमोठ्यांना चकवून गेला आहे. लिनियसने १७५८ साली 'कॉमन ईव्हनिंग ब्राउन'ला 'लेडा' हे नाव दिले. त्याच फुलपाखराचे कोरड्या ऋतूतील रूप पुढे क्रॅमरने 'इस्मेने' या नावाने निराळी जाती म्हणून नोंदवले. लायनेल डी निसेव्हिल यांनी कलकत्त्यात या कुळातील अळ्या वाढवून, एकाच मातेची संतती दोन्ही रूपे धारण करू शकते, हे १८८६ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे या वादाचा फैसला होऊ लागला. अळी वाढत असतानाचे तापमान प्रौढ फुलपाखराच्या पंखांवरील नेत्रबिंदूंचा आकार ठरवते, हे 'बायसायक्लस' या आफ्रिकेतील नातलगावरील प्रयोगांनी पुढे दाखवून दिले.

छायाचित्र पुरेसे आहे, नमुने जमवणे हे क्रौर्य, असे आता हिरिरीने सांगितले जाते. यातली करुणा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहातील जुन्या नमुन्याखाली स्थळ आणि तारीख लिहिलेली असते. पंख उलटून पाहता येतात, गरज पडल्यास जननांगांचीही तपासणी होते. परळच्या छायाचित्रावर तारीख होती, हे खरे. पण एका बाजूने मिटलेल्या पंखांचे ते चित्र, आणि फुलपाखरू केव्हाच उडून गेलेले. तेव्हा त्या सद्गृहस्थांचा रोष पत्करूनही माझ्या दप्तरात जातीचा रकाना कोरा आहे.