बाबूजींची डुलकी

बाबूजी सामायिकाला बसले की पाच-सात मिनिटांतच त्यांची मान झुकू लागे. दुकानाच्या गादीवर रोजमेळ लिहितानाही पेन हातातून गळून पडे. स्थानकातील मंडळी हसत आणि मला संकोच वाटे. एकदा सर्वांसमक्ष मी म्हणालो, ‘‘बाबूजी, हा प्रमाद आता पुरे झाला.’’ ते काहीच बोलले नाहीत. त्या वर्षी पर्युषणात मात्र त्यांनी प्रतिक्रमण संपूर्ण उभ्याने केले, आणि उभ्याउभ्याच त्यांचा तोल गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबूजींना नव्हे, तर आईला विचारले, ‘‘हे रात्री घोरतात का?’’ आई म्हणाली, ‘‘घोरतात त्याचे काही नाही. मध्येच घोरणे थांबते, तेव्हा मी पुन्हा श्वास येईपर्यंत उठून बसते.’’ कित्येक वर्षे ती अशी जागत होती आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

एका रात्रीच्या निद्रातपासणीत दिसले, की बाबूजींचा श्वास तासाला ४२ वेळा अडत होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास सुरू करतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. किमान दहा सेकंदांचे असे अडथळे तासाला तीसहून अधिक झाले, तर विकार तीव्र समजतात. ‘स्लीप अ‍ॅप्निया’ तो हाच. रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांत निद्रेचे पाच प्रकार सांगितले आहेत. बसल्या वा उभ्या जागी येणारी डुलकी म्हणजे प्रचला. शास्त्रकारांनी निद्रेकडे इतक्या बारकाईने पाहिले; मी मात्र सगळ्या झोपेला आळस हे एकच नाव दिले होते.

डॉक्टरांनी सीपॅप यंत्र सुचवले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. मुखवट्यातून येणारा हवेचा सौम्य दाब श्वासमार्ग उघडा ठेवतो. बाबूजी हसून म्हणाले, ‘‘जन्मभर मुहपत्ती बांधली, हेही जमेल.’’ पहिला आठवडा त्रासाचा गेला, मग जमले.

झोपेची प्रत्येक तक्रार अशीच असते असे नाही. कोणाला उधारीच्या चिंतेने झोप लागत नाही, तर कोणाचे पाय लोहाच्या कमतरतेमुळे रात्री अस्वस्थ होतात. परंतु मोठे घोरणे, मध्येच थांबणारा श्वास आणि दिवसाची पेंग ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर तपासणी टाळू नये. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही हा विकार वाढतो. झोपेची गोळी मनाने घेऊ नये; तिने श्वासाचा अडथळा वाढू शकतो.

दर संवत्सरीला मी बाबूजींना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत आलो. यंदा स्थानकात, त्याच मंडळींसमोर, माझ्या त्या वाक्याचा उल्लेख करून म्हणालो. बाबूजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते सामायिकाला बसले. अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांची मान ताठ होती. शेजारी आई मात्र, कित्येक वर्षांची जागरणे फेडत, शांतपणे पेंगत होती. तिला कोणीही उठवले नाही.