वेगळं केलं की माल

डिसेंबरातली सकाळ. सव्वासात वाजले होते आणि आमच्या कंपनीच्या कँटीनमागे एका ढिगातून वाफ निघत होती. खाली जाळ नाही, विजेची वायर नाही, आसपास कुठलं यंत्र नाही. नुसती भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि वाळकी पानं यांचा कमरेएवढा ढीग, आणि त्यातून सावकाश वर चढणारी वाफ! तिथं काम करणाऱ्या मावशींनी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसली आणि माझ्यापुढे केली. म्हणाल्या, "धरून बघा." मी धरली आणि तत्क्षणी सोडली. चटका बसला होता. तापमापीवर आकडा होता ६१ अंश.

आठ वर्षं मी या कंपनीच्या प्रशासन विभागात काम करते. कँटीनच्या पुढच्या दारानं रोज जेवायला जाते. मागच्या दारानं कधी बाहेर पडले नव्हते. तो चटका बसल्यापासून तीन आठवडे मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, आणि तरी मन भरत नाही, म्हणून आता लिहायला बसले.

ती उष्णता जिवाणूंची. त्यांना ताकदीसाठी कार्बन लागतो आणि शरीर बांधायला नायट्रोजन. दोन्हींचं प्रमाण साधारण ३० ला १ असलं की त्यांची पंगत बसते. हिरव्या देठांत नायट्रोजन भरपूर, वाळक्या पानांत कार्बन भरपूर. म्हणून मावशी घमेलंभर ओला कचरा टाकतात आणि लगेच त्यावर पानांचा थर देतात. ओलावा किती हवा? पिळलेल्या फडक्याइतका. मधूनमधून ढीग खालीवर करायचा, म्हणजे आत हवा खेळते. बस, एवढंच. कोट्यवधी जीव खाऊ लागतात, खाता खाता तापतात, आणि ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस ढीग राहिला की बहुतेक रोगजंतू मरतात, तणांचं बीसुद्धा बरंचसं मरतं. जी पानं आपण रस्त्याकडेला पेटवून देतो, ती इथं मावशींना पुरत नाहीत!

मग त्यांनी शेजारच्या हौदातलं तयार खत ओंजळीत दिलं. काळंभोर, भुसभुशीत, गार. नाकाशी नेलं आणि मी थांबलेच. पहिल्या पावसाचा वास! नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा भास नव्हता. मातीतले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या सरीनंतरच्या मृद्गंधात तेच असतं आणि चांगल्या मुरलेल्या खतातही तेच.

पण मी मुळात तिथं गेले होते वेगळ्याच कामासाठी. आमचं कार्यालय एका मजल्यावरून दुसऱ्यावर जात होतं आणि कोठारात वर्षानुवर्षं साठलेली जुनी यंत्रसामग्री काढायची होती: संगणक, मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस, टेबलफोन, वायरींची भेंडोळी. साहेबांनी यादी माझ्याकडे दिली. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. वर्षभरात या नियमांच्या यादीतली हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणारी संस्था त्यात मोठी ग्राहक ठरते, आणि तिनं आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारून चालत नाही. जुन्या नियमांत अशी २१ प्रकारची उपकरणं होती, आता १०६ आहेत. आणि ही उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी आहे: विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याइतक्या जुन्या मालाचा पुनर्वापर झाल्याचं प्रमाणपत्र त्यांना मिळवावं लागतं.

तीन दिवस मी कोठारात बसून एकेका वस्तूचा क्रमांक मालमत्ता नोंदवहीशी ताडून पाहिला. हार्ड डिस्क वेगळ्या काढल्या. पॅकिंगसाठी खोकी कँटीनमागे मिळतील म्हणून तिकडे गेले, आणि मावशींची सळई हातात आली. त्याच दिवशी दुपारी ट्रक भरला, आणि मी हट्टानं ट्रकच्या मागोमाग पुण्याबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यात गेले. सहीपुरतं काम होतं, तरी मी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही!

आधी वजनकाटा. मग आमच्या डोळ्यांदेखत हार्ड डिस्कचा चुरा. मग लांबच लांब टेबलं, वर धूळ ओढून घेणारे पंखे, हातमोजे आणि मास्क घातलेली माणसं, आणि स्क्रू सुटल्याची अखंड टिकटिक. मला वाटलं होतं, एखादं राक्षसी यंत्र सगळं गिळत असेल. छे! सुरुवात हातानं. बॅटरी सर्वांत आधी बाहेर, कारण लिथियमची बॅटरी चुरडली गेली तर पेट घेते. मग ट्यूब आणि दिवे वेगळे, त्यांत पारा. जुने फुगीर मॉनिटर वेगळे, त्यांच्या काचेत शिसं. मग पॉवर सप्लायमधलं तांब्याचं वाइंडिंग, अ‍ॅल्युमिनियमचे हीट सिंक, लोखंडी पेटी, प्लास्टिक, आणि शेवटी हिरवी सर्किट पाटी. ज्या क्रमानं कारखान्यात जोडलं, त्याच्या उलट्या क्रमानं सोडवायचं. मला आजीची आठवण झाली. जुना स्वेटर उसवून ती लोकरीचे गुंडे करायची, रंगवार.

एक दादा संगणकाची पेटी चार मिनिटांत मोकळी करत होते. पूर्वी ते दुसऱ्या एका गावात वायरी उघड्यावर जाळून तांबं काढायचे. त्या काळ्या धुरात काय काय असतं हे त्यांना आता माहीत आहे, म्हणून ते त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. मी विचारलं, "दादा, एवढ्या कचऱ्यात काय कुठे टाकायचं, हे लक्षात कसं राहतं?" हातातला स्क्रूड्रायव्हर न थांबवता ते म्हणाले, "मॅडम, कचरा कुठाय? मिसळलं की कचरा, वेगळं केलं की माल."

हे वाक्य मी तिथल्या तिथं पावतीच्या मागे लिहून घेतलं.

आणि मग पुढचं दालन! जे हातानं सुटत नाही त्याचे तुकडे करून पट्ट्यावरून सोडतात. वरचं चुंबक लोखंड उचलून घेतं, हे समजण्यासारखं होतं. पण पट्ट्याच्या टोकाला मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. प्लास्टिकचे तुकडे सरळ खाली पडत होते आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे उडी मारून पलीकडच्या पेटीत जात होते. अ‍ॅल्युमिनियम तर चुंबकाला चिकटत नाही! तिथल्या अभियंता ताईंनी समजावलं. पट्ट्याच्या टोकाच्या पिंपात चुंबकं वेगानं फिरतात. त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या तुकड्यात विजेचे भोवरे उठतात, ते भोवरे स्वतःचं चुंबकत्व तयार करतात, आणि ते मूळच्या चुंबकाला विरोध करतं. तुकडा दूर फेकला जातो. शाळेत पाठ केलेलं भौतिकशास्त्र माझ्यासमोर भंगार निवडत होतं! आणि वाचलेलं अ‍ॅल्युमिनियम किती मोलाचं! खनिजापासून नवं काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्यातली सुमारे ९५ टक्के वाचते.

हिरव्या पाट्या मात्र इथं थांबत नाहीत. त्यांतलं सोनं, चांदी, पॅलेडियम काढणं हे बंदिस्त भट्ट्यांचं आणि रसायनांचं काम. भारतात काही कारखाने ते करतात, आणि जगभरातल्या पाट्या बेल्जियममधल्या होबोकेनच्या प्रचंड भट्टीपर्यंतही जातात. हेच काम कोणी परसात आम्लाच्या घमेल्यात करतं तेव्हा हातात थोडं सोनं येतं आणि उरलेलं विष मातीत, पाण्यात आणि छातीत जातं. सोनं दोन्हीकडे तेच. फरक आहे तो काढण्याच्या रीतीचा.

त्या रात्री मी टोकियोची गोष्ट वाचली आणि घरच्यांना उठवून सांगितली. २०२० च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकसाठी जपाननं लोकांकडून जुनी उपकरणं मागितली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ अशा दोन वर्षांत सुमारे ७८,९८५ टन उपकरणं जमली, त्यांत ६२ लाखांहून जास्त मोबाइल. त्यातून निघालं सुमारे ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य. सुमारे पाच हजार पदकं, सगळीच्या सगळी त्यातून घडली! नीरज चोप्रानं भालाफेकीत जिंकलेलं सुवर्णपदक आठवा. ते कोणाच्या तरी खणात पडून असलेल्या फोनमधून आलेलं आहे. दुसरीकडे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कँटीनमागे. मावशींनी त्यांचा दुसरा संसार दाखवला. शिजलेलं उष्टं-खरकटं ढिगात टाकत नाहीत, त्यासाठी बायोगॅसची टाकी आहे. तिचं नावच किती सुंदर: निसर्गऋण! भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेली ही पद्धत. खरकटं आधी दळून गरम पाण्यात कालवतात. पहिल्या टाकीत हवा सोडतात, तिथं उष्णता मानवणारे जिवाणू त्याचं चटकन पचन करतात. मग मोठ्या टाकीत हवा अजिबात नाही, तिथं दुसऱ्या जातीचे जिवाणू मिथेन तयार करतात. वर घुमटात गॅस साठतो, तळातून खत निघतं. नारळाच्या करवंट्या, हाडं, अंड्याची टरफलं मात्र या पोटाला चालत नाहीत.

हेच खरकटं कचरा डेपोत गेलं असतं तरी मिथेन तयार झालाच असता. ढिगाखाली हवा नसते ना! पण तो मोकाट सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो, आणि पेटला तर लवकर विझत नाही. १९२७ पासून वापरात असलेल्या मुंबईच्या देवनार कचरा डेपोला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हाचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. तोच वायू इथं निळ्या ज्योतीनं जळत होता आणि वर चहा उकळत होता. मी तो चहा प्यायले. कधीतरी उरलेल्या वरणभातावर झालेला चहा! इंदूरमध्ये तर फेब्रुवारी २०२२ पासून दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा प्रकल्प उभा आहे आणि त्याच्या गॅसवर शहराच्या बस धावतात.

मावशी पूर्वी कचरा वेचायच्या. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या त्या सदस्य. पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून दारोदारी कचरा गोळा करू लागली. मुंबईत ज्योती म्हापसेकरांच्या स्त्री मुक्ती संघटनेनं कचरावेचक बायकांना शिकवून निसर्गऋणाचे प्रकल्प त्यांच्या हाती दिले. मला हे समजल्यावर अंगावर काटा आला. आपल्या शहरांत वेगळं करण्याची विद्या कोणाकडे होती? जिच्या अंगावरून आपण नाक दाबून जात होतो, तिच्याकडे.

बोलता बोलता मावशींनी देठांच्या घमेल्यातून काहीतरी टिपलं. घड्याळाचा सेल. कोणीतरी डब्याबरोबर फेकला असणार. त्यांनी तो फडक्यानं पुसला आणि कोपऱ्यातल्या बरणीत टाकला. बरणीत सेल होते, चार्जरचं टोक होतं, एक छोटा सीएफएल दिवा होता.

मी घरी जाऊन हिशेब मांडला. शहरी कंपोस्टमध्ये पारा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. एका सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. पाच धरला, तर एकट्या त्या दिव्यानं ३३ किलो खत मर्यादेपर्यंत आणून ठेवलं असतं! आठवड्यांची मेहनत, कोट्यवधी जिवाणूंची पंगत, मावशींचे हात, सगळं एका दिव्यानं वाया. आणि उलटंही तितकंच खरं: ओल्या खरकट्यात बुडालेली सर्किट पाटी कोण उचलणार?

त्या क्षणी कारखाना आणि कँटीनचं मागचं दार माझ्या मनात एक झाली. अन्नाला कुजू द्यायचं, नीट, हवेशीर, म्हणजे ते मातीत परत जातं. धातूला मातीत जाऊच द्यायचं नाही, तो वितळून पुन्हा धातूच व्हायला हवा. दोघांच्या वाटा अगदी विरुद्ध, आणि त्या वाटा जिथं फुटतात ती जागा म्हणजे आपल्या टेबलाखालचे दोन डबे. ६१ अंशांचा ढीग, उडी मारणारं अ‍ॅल्युमिनियम, निळी ज्योत, ऑलिंपिकचं पदक, हे सगळं त्या दोन डब्यांमधल्या वीतभर अंतरावर उभं आहे!

आता आमच्या प्रत्येक मजल्यावर तिसरा डबाही आहे, सेल, दिवे आणि वायरींसाठी. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, हे मी स्वतः प्रत्येक विभागात जाऊन दाखवलं. घरच्या खणातले तीन जुने फोन, त्यांतली माहिती पुसून, मी त्याच दादांच्या कारखान्यात देऊन आले. आणि दर गुरुवारी सकाळी सव्वासातला मी चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन कँटीनच्या मागच्या दारानं बाहेर पडते. थंडीत सगळे हात चोळत उभे असतात. ढिगातून वाफ चढत असते. मावशी सळई उपसतात आणि पुढे करतात.

"धरून बघा."