मिनामाता : शांत गाव आणि गप्प केलेली माणसं

जपानहून परत आल्यापासून भेटेल तो कार्यकर्ता विचारतो, "बुद्धाचा देश पाहून आलास, कसं वाटलं?" त्यांना क्योटोच्या विहारांचे, नाराच्या भव्य बुद्धमूर्तीचे फोटो हवे असतात. माझ्याकडे ते नाहीत. कंपनीच्या कामासाठी दोन महिने फुकुओकात होतो. सुट्टीचे रविवार मोजून आठ मिळाले आणि त्यातला एक मी मिनामाता नावाच्या छोट्या किनारी गावात काढला. मोठ्या बुद्धाऐवजी गुडघ्याएवढे दगडी बुद्ध पाहून आलो.

खरं सांगायचं तर मला थोडी विश्रांती हवी होती. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलत नाही, हे सुख काय असतं ते आपल्यातल्यांनाच कळेल. पण पहिल्याच दिवशी एका दुकानात ठेच लागली. मी पैसे हातात द्यायला गेलो, तर दुकानदारीणबाईंनी नम्रपणे एक छोटा ट्रे पुढे सरकवला. पैसे त्यात ठेवायचे, सुटे पैसेही त्यातूनच परत. क्षणभर अंगावर काटा आला. माझी आजी जालन्याकडच्या खेड्यातली. दुकानाच्या उंबऱ्यावर पैसे ठेवायची, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा आणि मीठ वरून पदरात टाकायचा. ती गोष्ट ऐकत आम्ही मोठे झालो. नंतर पाहिलं, जपानमध्ये ट्रे सगळ्यांनाच, सुटाबुटातल्या साहेबालाही. मी स्वतःवरच हसलो.

हा ट्रे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाकाता स्टेशनवरून शिंकानसेनने तासाभरात शिन-मिनामाता. तिथून लहान लोकल गाडीने एक स्टेशन पुढे गेलं की मिनामाता. स्टेशनबाहेर पाय ठेवला की समोर सरळ कारखान्याचं गेट. देऊळ नाही, पुतळा नाही, बाजार नाही. हे गाव कुणाचं होतं हे नकाशाच सांगतो. हा चिस्सो कंपनीचा कारखाना. आता नाव बदललंय, २०११ पासून 'जेएनसी' आहे.

रविवार असल्याने रस्त्यावर माणूस नाही. अर्ध्या दुकानांची शटरं खाली. घरांच्या पुढे कुंड्या, वर घिरट्या घालणाऱ्या घारी, दूरवर निळं पाणी. प्रवासाच्या पुस्तकात ज्याला 'शांत, निवांत गाव' म्हणतात तसंच. मी चालत ह्याक्केन नावाच्या जागी गेलो. तिथे एक गटार आहे. लोक कशाकशाचे फोटो काढतात, मी गटाराचा काढला. याच तोंडातून वर्षानुवर्षं कारखान्याचं सांडपाणी खाडीत जात होतं.

अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवताना इथे पारा वापरला जायचा. १९३२ ते १९६८ इतकी वर्षं. त्यातून तयार झालेला मिथाइल पारा पाण्यात गेला, पाण्यातून शिंपल्यांत, मासळीत, आणि मासळी खाणाऱ्या कोळ्यांच्या मेंदूत. आधी मांजरं गोल गोल नाचून मेली. मग माणसं थरथरू लागली, बोबडी झाली, त्यांची दृष्टी आक्रसली. आईच्या पोटातच विष मिळालेली मुलं जन्मली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्याने या अनोळखी आजाराची सरकारदरबारी नोंद केली. आपल्या बापाने नागपुरात धम्मदीक्षा दिली ते हेच वर्ष.

आता पुढचं वाचा आणि ओळखीचं वाटतं का सांगा. १९५८ साली कंपनीने सांडपाण्याचं तोंड बदलून नदीच्या मुखाकडे नेलं, त्यामुळे विष आणखी मोठ्या किनाऱ्यावर पसरलं. १९५९ मध्ये कारखान्याच्याच डॉक्टरांनी ते सांडपाणी एका मांजराला खाण्यातून दिलं आणि त्याला तोच आजार झाला. कागदोपत्री ते मांजर क्रमांक ४००. कंपनीने हा प्रयोग दाबून ठेवला. त्याच वर्षाच्या शेवटी पीडितांशी 'सांत्वन-रकमे'चा करार केला. मृत्यूसाठी ३ लाख येन, आणि अट अशी की पुढे कारखाना दोषी ठरला तरी जादा मागायचं नाही. म्हणजे आपला गुन्हा काय आहे हे ज्याला माहीत होतं, त्यानेच ही अट लिहिली. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते सप्टेंबर १९६८ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने ती जुनी प्रक्रिया बंद केली होती. काम संपलं, मग सत्य सापडलं! १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो करार रद्दबातल ठरवला, तोवर अनेक जण गेले होते.

गटारापुढे आता सुंदर बाग आहे. गुलाब, हिरवळ, धावायचा रस्ता. पाऱ्याचा गाळ उपसून, भराव टाकून समुद्रात तयार केलेली सुमारे ५८ हेक्टर जमीन. पायाखाली विष, वर गुलाब. एक बाप मुलाला सायकल शिकवत होता. मला त्याच्यावर राग आला नाही, त्याने तरी कुठे खेळवायचं मुलाला?

बागेच्या टोकाला, समुद्राच्या अगदी काठाशी, ते दगडी बुद्ध आहेत. पीडितांनी आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेले. कुणाचं नाक बसकं, कुणी हसरा, कुणाच्या कुशीत मूल. कुठल्याही मठाने बसवलेले नाहीत. उघड्या डोळ्यांचा, माणसांत चालणारा बुद्ध हवा, असं आपण म्हणतो. हे चालत नाहीत, पण पाठ गावाकडे आणि तोंड पाण्याकडे करून पहारा दिल्यासारखे बसलेत. मी तिथे बराच वेळ बसलो.

टेकडीवरच्या संग्रहालयात मात्र माझा धीर सुटला. पीडितांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते. आजार संसर्गजन्य आहे असा समज पसरला होता. या घरातलं कुणी दुकानात गेलं की दुकानदार पैसे हातात घ्यायचा नाही, चिमट्यासारख्या काड्यांनी उचलायचा. विहिरीवर येऊ नका. मुलांशी खेळू नका. लग्नं मोडली. लोकांनी आजार लपवला.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर माझी आजी उभी होती, जपानी किमोनोत.

काही मित्र म्हणतील, ही भीती होती, जात नव्हे. बरोबर. आजार बरा झाला की भीती जाते, जात जात नाही, हा फरक मला मान्य आहे. पण भीती कुणाच्या वाट्याला आली ते पाहा. कारखान्यातल्या साहेबाच्या नाही. किनाऱ्याच्या टोकाला राहणारे, समोरच्या आमाकुसा बेटांतून पोटासाठी आलेले, गावाने आधीच कमी लेखलेले कोळी, त्यांच्या. विष समुद्रात सगळ्यांसाठी सोडलं होतं, पण रोज तीच मासळी खाण्याशिवाय पर्याय नसलेल्यांच्या ताटात ते जास्त पडलं. आणि ज्यांनी त्यांच्या बाजूने उभं राहायचं ते कामगार? गावाची रोजी कारखान्यावर होती, म्हणून कामगारही गप्प राहिले. कामगारांमध्ये असलेल्या पायऱ्यांबद्दल बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं. एक मात्र नोंदवलं पाहिजे. १९६८ मध्ये तिथल्या एका युनियनने जाहीर ठराव केला की आम्ही या आजाराविरुद्ध लढलो नाही याची आम्हाला लाज वाटते. आपल्याकडच्या किती लाल-निळ्या संघटनांनी असा ठराव केला आहे?

बुद्धाच्या देशाबद्दल विचारणाऱ्यांसाठी आणखी एक. याच देशात बुराकू समाजाच्या थडग्यांवर भिक्षूंनी 'पशू', 'चामडं' अशा अर्थाची चिन्हं असलेली धम्मनावं कोरली होती. तेव्हा धर्माचं नाव बौद्ध असलं म्हणजे काम झालं, या भ्रमात राहू नका. पण त्याच परंपरेतून मिनामाताच्या लोकांनी दुसरंच काही काढलं. नोव्हेंबर १९७० मध्ये त्यांनी कंपनीचा एकेक शेअर विकत घेतला, यात्रेकरूंचे पांढरे कपडे घातले आणि ओसाकातल्या भागधारकांच्या सभेत शिरले. आई-बापांच्या स्मृतिपट्ट्या हातात, तोंडी बौद्ध यात्रागीतं, समोर कंपनीचा अध्यक्ष. मागच्या जन्मीचं कर्म म्हणून सोसत बसले नाहीत. दुःखाला कारण असतं, आणि त्या कारणाला कधी कधी ऑफिसचा पत्ताही असतो. बाबासाहेबांनी कर्माचा जुना सिद्धांत का नाकारला हे मला पुस्तकात कळलं होतं, तिथे दिसलं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर १ मे २०२४ चा प्रसंग पाहा. मिनामातात पर्यावरणमंत्र्यांसमोर पीडितांची बैठक होती. प्रत्येकाला ३ मिनिटं. एक वृद्ध आपल्या मेलेल्या बायकोबद्दल बोलत होते. वेळ संपली म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांचा माईक बंद केला. गदारोळ झाल्यावर आठवड्याभरात मंत्री माफी मागायला पुन्हा आले. अडुसष्ट वर्षं थांबलेल्या माणसांना ३ मिनिटं!

म्हणून 'शांत गाव' हे विशेषण वापरताना आता माझी जीभ अडखळते. दरवर्षी आपण महाडला जातो, चवदार तळ्याला वंदन करतो, ओंजळभर पाण्याची आठवण काढतो. त्याच महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाची ओरड वर्षानुवर्षं चालू आहे. पाण्याला हात लावायचा हक्क आपण मिळवला. त्या पाण्यात काय सोडलं जातंय हे विचारणारे आपल्या मोर्चात किती जण असतात? मी स्वतः नव्हतो. २० मार्चला जाताना त्या चिमण्यांकडे पाहत बसच्या खिडकीत वडापाव खाल्लाय मी.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका लहान दुकानात संत्री घेतली. आजीबाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. म्हणजे त्या काळात त्या लहान मुलगी असणार, या बाजूची की त्या बाजूची ते विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती आणि हिंमतही. त्यांनी ट्रे पुढे केला. मी नाणी ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी सुटे पैसे ट्रेमध्ये ठेवले, मान लववली, आणि एक संत्रं जास्तीचं माझ्या हातात दिलं.

गाडीला अजून वीस मिनिटं होती. समोर कारखान्याच्या गेटवरचे दिवे लागले होते.