रोजंदारीवरच्या मुंग्या

हातखंबा, गौरी आणायचा दिवस

तिठ्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग निवळीच्या दिशेने लागलेली. आम्ही पायीच सड्यावर गेलो, गौरीसाठी तेरडा आणायला. जुडी बांधेपर्यंत काळ्या मुंग्या मनगटावर चढल्या. फुलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सगळी वर्दळ पानांच्या देठांवर. भिंग धरलं तर देठाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढ्या गाठी, एकीवर चकाकणारा थेंब. फुलातला मध परागीभवनासाठी. देठावरचा हा गोडवा पहाऱ्यासाठी. तो चाटत हिंडणारी मुंगी वाटेत सापडलेली किड्यांची अंडी, कोवळ्या अळ्याही उचलते.

मेक्सिकोतल्या एका बाभळीच्या पोकळ काट्यांत मुंग्या बिऱ्हाडच थाटतात. डॅनियल जॅन्झन यांनी 1966 मध्ये दाखवलं, की मुंग्या काढल्या तर किडे ते झाड खाऊन टाकतात. आपला तेरडा राहायला जागा देत नाही. सगळा मामला रोजंदारीचा, म्हणून पहाराही तसाच, कधी आहे कधी नाही.

"भाऊजी, जुडी झाडून आणा हां," वहिनींनी अंगणातूनच बजावलं. "ओवशाच्या सुपात मुंग्या नकोत."

गौरीपूजन

दिवस पाहुण्यांत गेला. परसातल्या टाकळ्यावर मात्र नजर टाकलीच: खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये तशीच ग्रंथी, तिथेही मुंग्या हजर.

विसर्जन

हमरस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाऱ्यावर एरंड माजलाय. तडकलेल्या बोंडातून उडालेलं बी मुंग्या ओढत होत्या. त्यांना बी नको असतं, त्याच्या टोकाची पांढरट, तेलकट गाठ हवी असते. ती पिल्लांना भरवायची आणि कठीण बी वारुळाच्या उकिरड्यावर फेकायचं. एरंडाला आणखी काय हवं? बी आईपासून लांब पडलं, तेही भुसभुशीत मातीत.

परतताना आंब्याच्या कलमावर ओंबिलीचं, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंगीचं, घरटं दिसलं. पानं ओढून धरायची आणि स्वतःच्या अळ्यांच्या रेशमाने चिकटवायची, ही तिची रीत. चीनमध्ये चौथ्या शतकातच संत्र्यांच्या बागांतली कीड आवरायला अशी घरटी बाजारात विकली जात. ऑस्ट्रेलियात काजूवरच्या ढेकण्याला तिने आवरलेलं आहे. पण ओंबील पिठ्या ढेकणालाही पाळते, त्याचा गोड रस मिळतो म्हणून. तिथे झाडाचं नुकसान. शिवाय आंबे काढायला चढलेला गडी तिला अळीइतकाच परका. त्यामुळे इथले बागायतदार घरटं दिसलं की आकडीने पाडतात. माझ्या मते फळ नसलेल्या दिवसांत तरी ते राहू द्यावं.

उद्या पालीवरून आंबा घाट.