तरबाबादचा बाजार

दौलताबादचा किल्ला मी आजवर वीसेक वेळा तरी चढलो असेन. मराठीचा प्राध्यापक आणि त्यातून नोकरी जालन्याला. यादवकाल शिकवायचा म्हटला की देवगिरीची वाट ठरलेलीच. दरवर्षी मुलांची सहल न्यायची, कालाकोटापाशी उभे राहून रामदेवरावाविषयी चार वाक्ये बोलायची, अंधारीतल्या वटवाघळांना भिऊन मुले किंचाळली की आपणही थोडे घाबरून त्यांना गप्प बसवायचे आणि खाली उतरून सीताफळे विकत घ्यायची, असा माझा क्रम. परंतु गेल्या आश्विनात मी तेथे गेलो तो एका गिटारीपायी! हे ऐकून माझे सहकारी हसले. वाचकांनी हसू नये. निदान शेवटपर्यंत तरी.

गोष्ट जरा मागून सांगायला हवी. आमची मुक्ता तेरा वर्षांची झाली तेव्हा तिने वाढदिवसाला गिटार मागितली. मला वाद्यांतले एवढेच कळते, की तंबोरा उभा धरतात आणि पेटी आडवी ठेवतात. मी एका दुकानात गेलो, सर्वांत स्वस्त गिटार मागितली आणि साडेचार हजार मोजले. ‘‘साहेब, हिला नायलॉनच्या तारा आहेत, आवाज मिळमिळीत येतो. पोलादी घालून देऊ का? खणखणीत वाजेल,’’ दुकानदार म्हणाला. वर पैसेही मागितले नाहीत. मी खूश झालो.

पहिले पंधरा दिवस घरात खणखणाट झाला. मग मुक्ताच्या डाव्या हाताच्या बोटांवर लाल रेघा दिसू लागल्या. तारा दाबता दाबत नाहीत, दाबल्या तरी सूर बरोबर येत नाही, अशी तिची तक्रार. दोन महिन्यांत गिटार कपाटावर गेली. त्या सुमारास घरी पाहुणे आले होते. कोणीतरी विचारले, तेव्हा मी हसत हसत म्हणालो, ‘‘आमच्या मुक्ताची हौस चार दिवसांची!’’ सगळे हसले. मुक्ता पाण्याचे पेले गोळा करीत होती. ती काही बोलली नाही. मात्र त्यानंतर माझ्यासमोर तिने कधी गाण्याचे नाव काढले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका सहकाऱ्यांचे स्नेही घरी आले. ते गिटार शिकवतात. त्यांनी कपाटावरची गिटार खाली काढली, एक डोळा मिटून तिची मान पाहिली, पोटावरच्या लाकडी पट्टीखाली कागदाचा तुकडा सारून पाहिला. कागद आत गेला. ‘‘सर, हे नायलॉनचे वाद्य. सहा नायलॉन तारांचा ताण मिळून चाळीस किलोंच्या आसपास असतो. पोलादी तारांचा सत्तरच्या पुढे जातो. मान वाकली, पट्टी उचलली गेली, तारा बोटभर वर आल्या. यावर मीसुद्धा वाजवू शकणार नाही. पोरीचा दोष नाही.’’

शेवटचे तीन शब्द त्यांनी सहज उच्चारले. मुक्ता दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि तेच मला अधिक लागले.

झाल्या चुकीची भरपाई करायचे मी ठरवले. पण मास्तरकीची खोड जाते थोडीच! भरपाई करतानाही आपले खरे करावे, असा एक कावा माझ्या मनात होता. गिटारीऐवजी सतार घ्यावी, असे तिला पटवावे. मिरजेच्या सतारीची कीर्ती देशभर. तिला आणि तिथल्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या मातीतले वाद्य सोडून स्पेनचे कशाला? आणि हे पटवायला देवगिरीसारखी दुसरी जागा कोणती? सकाळी किल्ला, दुपारी छत्रपती संभाजीनगरात खरेदी, असा बेत मी जाहीर केला. जालन्याहून साठ किलोमीटर एस.टी.ने शहर आणि तेथून वेरूळच्या रस्त्याने पंधराएक किलोमीटर दौलताबाद.

पाऊस नुकता ओसरला होता. डोंगराच्या तासलेल्या कड्यावर ऊन पडले होते आणि खंदकातले पाणी हिरवेगार दिसत होते. चांदमिनार मागे टाकून आम्ही चिनी महालापाशी आलो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ मध्ये राज्य गेल्यावर औरंगजेबाने येथे कैदेत ठेवले. पुढे अंधारी, मग पायऱ्या आणि पायऱ्या. शहाजहानच्या काळातल्या बारादरीत पोचलो तेव्हा माझा श्वास फुलला होता आणि मुक्ता कठड्याशी उभी राहून वाऱ्यावर केस सोडून खालचा मुलूख पाहत होती.

मी व्याख्यान सुरू केले. याच देवगिरीवर तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. दिवसा राज्याचे हिशेब, आणि उरल्या वेळात त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. उत्तरेचे आणि दक्षिणेचे गवई आजही ज्या एका ग्रंथाला सारखाच मान देतात, तो हा. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा. बावीस श्रुती समजाव्यात म्हणून बावीस बावीस तारांच्या दोन वीणा कशा जुळवाव्यात, तेही त्याने सांगितले आहे. गोपाळ नायकही परंपरेप्रमाणे इथल्याच दरबारचा. दिल्लीला अमीर खुसरोशी त्याचा सामना झाल्याच्या आख्यायिका गवई अजून सांगतात.

‘‘तेव्हा मुक्ते,’’ मी समारोपाला आलो, ‘‘एवढे घरचे धन असताना परक्या वाद्याची—’’

‘‘बाबा, हा शार्ङ्गदेव इथलाच का?’’

प्रश्न साधा होता. उत्तर देताना मात्र मी अडखळलो. शार्ङ्गदेवाचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आलेले. वडील सोढल यादवांच्या चाकरीत चढले. मी हे सांगितले. खरे बोलायचे म्हणून हेही सांगितले, की त्याच्या ग्रंथातल्या रागांत तुरुष्क तोडी आणि तुरुष्क गौड अशी नावे आहेत; म्हणजे परक्यांकडून आलेल्या गोष्टीला त्याने ग्रंथात जागा दिली होती.

‘‘मग?’’ मुक्ता म्हणाली. एवढेच.

खाली पाहता पाहता मला इब्न बतूता आठवला. मोरोक्कोचा हा प्रवासी १३४२ साली दिल्लीहून निघाला आणि दौलताबादेत आला. येथे त्याने गाणाऱ्यावाजवणाऱ्यांची एक स्वतंत्र पेठ पाहिली. तिचे नाव तरबाबाद. तरब म्हणजे संगीताने होणारा हर्ष. प्रत्येक दुकानाला मागून घरात जाणारे दार, आत गालिचे आणि एक झोपाळा. पेठेच्या मध्यावर घुमटीची जागा, तेथे दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गवयांचा मुख्य येऊन बसे आणि एकेक गाणारी पुढे येऊन गाई. मी बोट दाखवून म्हणालो, ‘‘इथेच कुठेतरी खाली असेल ती पेठ. आज तिथे एक तारही विकत मिळायची नाही.’’

‘‘म्हणून तर आपण शहरात चाललोय,’’ मुक्ता म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. सतारीचा विषय तेथेच संपला.

उतरताना मी तिला एक गोष्ट सांगितली, ती मात्र तिला आवडली. पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी असते ती तात, म्हणजे जनावराच्या आतड्याचा दोर. गिटारीलाही पूर्वी तातच असे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात लागू लागली आणि वादकांना मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा करून पाहिल्या आणि स्पेनच्या सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. नायलॉन ही तातीची धाकटी बहीण. पोलादाशी तिचे नाते नाही. दुकानदाराचे ऐकण्यापूर्वी हे मला ठाऊक असते, तर!

शहरातल्या दुकानात आम्ही दोन तास होतो. शिक्षकांनी सांगितलेल्या गोष्टी मुक्ताने वहीत लिहून आणल्या होत्या. तारेची लांबी सहाशे पन्नास मिलिमीटर, मानेची रुंदी वरच्या टोकाला बावन्नच्या आसपास. डोळा लावून मान सरळ आहे का पाहणे. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून उमटणारा सूर आणि तेथेच दाबून निघणारा सूर एक आहेत का ऐकणे. त्याच जागी तार पडद्यापासून तीन ते चार मिलिमीटरच वर असावी. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कोठे खरखर येते का, हे पाहणे.

दोन वाद्ये उरली. एक झगझगीत, शिंपल्याच्या नक्षीचे. दुसरे साधे, तांबूस पोटाचे. मुक्ताने दोन्हींच्या मधल्या भोकाची कड पाहिली. साध्या गिटारीत पोटावरच्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतूनही तशाच उतरल्या होत्या. म्हणजे पोट अखंड सीडरचे. झगझगीत गिटारीची कड थराथरांची होती, म्हणजे प्लायवूड. साध्या गिटारीची पाठ शिसवीची होती. शिसवीचे लाकूड आपल्या दक्षिणेतल्या जंगलांतून जगभरच्या गिटारी बनवणाऱ्यांकडे जाते, असे दुकानातल्या मुलाने सांगितले. मी मुक्ताकडे पाहणे टाळले.

‘‘बाबा, तिकडे तोंड करा आणि ऐका,’’ ती म्हणाली. मी भिंतीकडे वळलो. पहिली वाजली आणि थांबली. दुसरी वाजली आणि तिने हात काढल्यावरही काही क्षण खोलीत राहिली. मला संगीत कळत नाही. पण तेवढे कळले. किंमत अठ्ठावीस हजार. दिवाळीचा माझा कोट आणि सौभाग्यवतीची पैठणी पुढच्या वर्षावर गेली. सौभाग्यवतीने ते हसून मान्य केले. कोटाचे कोणी विचारले नाही.

‘‘पोलादी तारा...’’ दुकानातल्या मुलाने काही विचारायला तोंड उघडले.

‘‘नको!’’ आम्ही दोघे एकदमच म्हणालो.

परतताना एस.टी.त गिटार मुक्ताच्या मांडीवर होती आणि दौलताबादच्या सीताफळांची करंडी माझ्या. मला बोलायचे होते ते दोन वर्षांपूर्वीच बोलायला हवे होते. बदनापूर मागे पडल्यावर मी म्हणालो, ‘‘मुक्ते, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी बोललो ते चुकले माझे.’’

तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग करंडीतले एक पिकलेले सीताफळ काढले, फोडले आणि मोठा अर्धा भाग माझ्या हातावर ठेवला. खाताना माझ्या लक्षात आले, की दौलताबादची म्हणून आपण मिरवतो ती ही सीताफळेसुद्धा मुळात अमेरिका खंडातून आली. पण हे मी तिला सांगितले नाही. दिवसभरात मी पुरेसा हरलो होतो.

घरी आल्यावर रात्री गिटार जुळवली. सकाळी पाहावे तो उतरलेली. पुन्हा जुळवली, संध्याकाळी पुन्हा उतरली. मी धास्तावलो, फसलो की काय पुन्हा? शिक्षकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘नवे नायलॉन ताणत जाते, सर. रोज जुळवत राहा. सूर धरायला तिला चार दिवस द्या.’’

आम्ही चार दिवस दिले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सूर टिकला. आता मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून गिटारीच्या पेटीत ओला स्पंज ठेवावा लागतो. चैत्र लागल्यापासून रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी तो भिजवून, नीट पिळून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.