सीताबर्डीची निदानशाळा

नागपूर पाहावयास येणारा गृहस्थ बहुधा संत्र्यांच्या दिवसांत येतो. झिरो माईलचा स्तंभ व त्याच्या शेजारचे घोडे तो पाहतो, टेकडीच्या गणपतीचें दर्शन घेतो, अजब बंगल्यांतून एक फेरी मारतो, सायंकाळीं फुटाळ्याच्या कांठीं वारा खातो आणि संत्र्याची बर्फी घेऊन परत जातो. हें सर्व यथायोग्यच आहे. परंतु ज्यास या शहराचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल, त्यानें ऐन मे महिन्यांत यावें, डोक्यास दुपट्टा गुंडाळावा, आणि सीताबर्डीच्या मागच्या गल्ल्यांतून सावकाश हिंडावें, अशी माझी त्यास नम्र सूचना आहे.

सीताबर्डी हें नांव इतिहासाच्या पुस्तकांत लढाईमुळें आलेलें आहे. १८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २६ व २७ तारखांस येथील दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज व कंपनी सरकारच्या पलटणी यांची गांठ पडली, आणि नागपूरच्या राज्याचें भवितव्य ठरून गेलें. मोठ्या टेकडीवरचा किल्ला आज लष्कराकडे आहे. त्याच्या पायथ्याशीं जो बाजार पसरला आहे, त्यास नागपूरकर नुसतें ‘बर्डी’ म्हणतात. मुंजे चौकांत डोक्यावरून मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांस छेदून जातात. खालीं कापड, चपला, पुस्तकें यांची दाटी असते. आणि मुख्य रस्त्यापासून आंत वळलें कीं शाळेंतील तुकड्यांप्रमाणें ‘मोदी नंबर एक, दोन, तीन’ अशा अनुक्रमानें ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या लागतात. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कांचेरी दुकानांमधून, एखाद्या जिन्याखालीं किंवा ओट्यावर, दुरुस्तीची एखादी टपरीवजा जागा दिसते. माझ्या विद्यार्थिदशेंत अशा ठिकाणीं रेडिओ येत; पुढें टेपरेकॉर्डर आले; आज मोबाईलांचा ढीग असतो. वस्तु बदलल्या; मान खालीं घालून बसणारा मनुष्य मात्र तसाच आहे.

गेल्या उन्हाळ्यांत या गल्ल्यांत माझें जाणें झालें, तें एका खेळण्यासाठीं. आमचें कुटुंब महालांत एकत्र राहतें. सुमारें वीस-बावीस वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भावानें आपल्या मुलासाठीं दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचें, तबकडीवर चालणारें एक यंत्र आणलें होतें. मुलगा मोठा होऊन परदेशीं गेला; यंत्र घरींच राहिलें. सुटींत घरांत पांच नातवंडें जमतात. यंत्रास हातांत धरावयाचे रिमोट दोनच. त्यामुळें दोघांनीं खेळावें, तिघांनीं पाहावें, आणि पाळी येईपर्यंत धीर धरावा, असा नियम आपोआप पडला. मोठा लहानास शिकवी, लहान मोठ्याची चूक दाखवी, आणि भांडण झालेंच तर तें एकाच खोलींत मिटे. हें यंत्र बंद पडतांच दोन दिवसांत पांच मुलें पांच कोपऱ्यांत पांच मोबाईल घेऊन बसलीं. घर शांत झालें. परंतु ती शांतता माझ्या भावजयीस सोसेना. ‘‘भाऊजी, तें यंत्र कबाडींत द्यावयाचें नाहीं, एवढें पाहा,’’ असें तिनें मला निक्षून सांगितलें.

यंत्राची प्रकृति अशी होती: सकाळीं एखादे वेळीं खेळ सुरू होई, पण मोटारींच्या शर्यतींत पुढचा रस्ता यावयाची वेळ आली कीं चित्र थिजे. दुपारीं तर तबकडी दोन-चार वेळां फिरून थांबे, आंतून टक्‌-टक्‌ असा आवाज येई, आणि पडदा काळाच राही. यंत्र कोणत्या कंपनीचें, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष कंपनीचा नव्हे, काळाचा आहे.

येथें तबकडी वाचली जाते कशी, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. या जातीची तबकडी सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केली व १९८२ सालीं ती बाजारांत आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेषा असते. रेषेच्या दोन वेढ्यांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघें १.६ पट, आणि ती सारी रेषा उलगडली तर सुमारें पांच किलोमीटर भरेल, म्हणजे महालापासून बर्डीस जवळजवळ जाऊन येण्याइतकी. ग्रामोफोनची सुई बाहेरून आंत जाते. हा किरण आंतून बाहेर जातो. लेसरचा एक अदृश्य किरण लहानशा भिंगांतून तबकडीच्या खालच्या अंगावर पडतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमी-अधिकपणावरून खळगा व सपाटी यांचा बोध होतो. यासाठीं चार क्रिया एकसमयावच्छेदेंकरून चालतात: भिंग वर-खालीं होऊन किरण नेमका जुळवतें, रेषा सुटूं नये म्हणून बाजूस किंचित्‌ सरकतें, भिंग वाहणारी गाडी दोन दांड्यांवरून आंतून बाहेर जाते, आणि मोटर तबकडी फिरवते. यांपैकीं कोणतीहि एक क्रिया बिघडली, तरी वरून दिसणारें लक्षण एकच, ‘वाचत नाहीं’.

तबकडीवर ओरखडा पडला तरी ती बहुधा वाचली जाते, याचें कारण मला विशेष मनोरम वाटलें. आपल्या वैदिकांनीं संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ राखिले. घनपाठांत तींच पदें उलटसुलट क्रमानें पुनःपुन्हां येत असल्यामुळें एखादें अक्षर गळलें तर तें लपून राहत नाहीं. तबकडीवरील मजकूरहि असाच तपासणीच्या जादा अक्षरांसह, आणि शेजारचीं अक्षरें दूर-दूर पेरून लिहिलेला असतो. रीड व सॉलोमन या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेली युक्ति तिच्या मुळाशीं आहे. यावरून आपल्या पूर्वजांस तबकडी ठाऊक होती, असें म्हणण्याचा हास्यास्पद मोह कोणीं धरूं नये. स्मरणाचें रक्षण करण्याची अडचण दोहोंकडे सारखी होती, इतकाच अर्थ. मात्र यांतून व्यवहाराचा एक नियम निघतो. ओरखडा रेषेस आडवा गेला तर थोडथोडीं अक्षरें जातात व तीं भरून काढतां येतात. रेषेच्या दिशेनें गेला तर लागोपाठ पुष्कळ जातात. म्हणून तबकडी पुसतांना ताटासारखी गोल पुसूं नये; मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी.

गल्लींत पहिल्या ठिकाणीं जो उपाय मिळाला, तो फार सोपा होता. भिंगाच्या गाडीवर एक अगदीं लहान फिरता स्क्रू असतो. त्यास कारागीर ‘प्रीसेट’ म्हणतात. त्यानें लेसरचा विद्युत्प्रवाह कमी-अधिक होतो. ‘‘हा जरासा फिरवतो, दहा मिनिटांत चालू करून देतो,’’ असें तेथील तरुणानें सांगितलें. मी यंत्र उचलून पुढें गेलों. कारण ज्या औषधाचा परिणाम वैद्यास सांगतां येत नाहीं, तें घेऊं नये, असें आमच्या घरचें वळण आहे.

पुढच्या एका जिन्याखालीं एक प्रौढ कारागीर बसले होते. प्रीसेटचें नांव काढतांच त्यांनीं मान हलविली. ‘‘तो सर्वांत शेवटीं जी, सर. प्रवाह वाढवला तर आज चालते. पण लेसर लवकर मरते. आधीं सांगा, दुसरी सीडी घालून पाहिली काय?’’ माझ्याजवळ चार तबकड्या होत्या. चारही त्यांनीं घालून पाहिल्या, चारही अडल्या. त्याच चार त्यांनीं तेथल्याच दुसऱ्या यंत्रांत घातल्या, चारही चालल्या. दोष तबकडींत नाहीं, इतकें सिद्ध झालें. मग झांकणाची कळ पाहिली; कारण झांकण उघडें आहे असें यंत्रास वाटलें, तर मोटर फिरतच नाहीं. कळ ठीक होती. त्यानंतर यंत्र विजेपासून तोडून थोडा वेळ तसेंच ठेवलें, आणि मगच उघडलें. भिंगावर धुरकट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलांत किंचित्‌ भिजवलेल्या कापसाच्या काडीनें, दाब न देतां, त्यांनीं तो पुसला, वाळूं दिला, आणि दुसरें कशासहि हात न लावतां यंत्र पुन्हां चालवून पाहिलें. भर दुपारीं खेळ सुरू झाला! मी उठूं लागलों, तों ते म्हणाले, ‘‘बसा न जी. पुढचा रस्ता येऊं द्या.’’ पुढचा रस्ता यावयाच्या वेळीं चित्र थिजलें.

त्या क्षणीं मला माझी तर्कसंग्रहाची पोथी आठवली. जें असतां जें असतें तो अन्वय, आणि जें नसतां जें नसतें तो व्यतिरेक. स्वयंपाकघरांत अग्नि आहे म्हणून धूर आहे. सरोवरांत अग्नि नाहीं म्हणून धूर नाहीं. अन्नंभट्टाचा हा विचार पाठ करणारे पुष्कळ भेटतात. परंतु एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा, या कसोटीनें तो आचरणारा पुरुष मला जिन्याखालीं भेटला. भिंग व गाडी दोन्ही एकदम साफ केलीं असतीं, तर यंत्र चाललें असतें. पण कोणत्या दोषाचें कोणतें लक्षण, हें कळलें नसतें. दुपारीं यंत्र मुळींच न चालण्याचें कारण भिंगाचा मळ. उन्हानें लेसरचा उजेड आधींच मंदावतो, आणि उरलेला मळानें गिळला जाई. पुढचा रस्ता न येण्याचें कारण निराळें. गाडीच्या दांड्यांवरचें जुनें ग्रीस धुळीनें चिकट झालें होतें, त्यामुळें गाडी आंतल्या वेढ्यांपाशीं फिरे, पण बाहेर जातांना अडे. तें जुनें ग्रीस पुसून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात दिल्यावर सर्व रस्ते उघडले. रिबनची पट्टी काढून पुन्हां बसवावी लागली नाहीं. प्रीसेटास तर स्पर्शहि झाला नाहीं.

या दोषांत नागपूरचा वांटा मोठा आहे. २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलें गेलें. उन्हाच्या भयानें विदर्भांतील शाळाहि उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. घरोघरीं खिडकींत कूलर बसतात. त्यांच्या ओल्या वाऱ्याबरोबर धूळहि आंत येते, आणि नेमकें त्याच झोतांत मुलें यंत्र मांडतात. उष्णता ही या यंत्रांची जुनी वैरीण आहे. ३ डिसेंबर १९९४ रोजीं जपानांत निघालेल्या व पुढें दहा कोटींहून अधिक खपलेल्या प्लेस्टेशनच्या पहिल्या नमुन्यांत भिंगाची प्लास्टिकची गाडी वीजपुरवठ्याच्या जवळ होती. ती झिजून भिंग कलंडे. तेव्हां परदेशांतील मुलांनीं यंत्र उलटें ठेवून खेळण्याची युक्ति काढली! पुढील नमुन्यांत भिंगाची जागा बदलण्यांत आली. नागपुरांत यंत्र उलटें ठेवण्यापेक्षां कूलरच्या झोंतापासून दूर व कपाटाबाहेर मोकळ्या जागीं ठेवणें अधिक फलदायी होय.

आमचें यंत्र अमर झालें, असें मात्र नव्हे. लेसरचें आयुष्य मर्यादित आहे, हें कारागिरांनीं स्पष्ट सांगितलें. तो विझल्यावर भिंगाची सबंध गाडी बदलतां येते. तीहि न मिळाल्यास तबकडीचें यंत्रच काढून त्या जागीं मेमरी कार्डावरून खेळ पुरविणारें मंडल बसवितां येतें. ज्यांच्या घरीं असें जुनें यंत्र असेल, त्यांनीं आरंभीं तबकडी बदलून पाहावी, मग झांकण, मग भिंग, मग दांड्या, असा क्रम ठेवावा. चालू यंत्राच्या भिंगांत डोळा लावून पाहूं नये, कारण तो किरण दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करतो. आणि जो स्क्रू फिरवला असतां पूर्वस्थिति आणतां येत नाहीं, त्यास सर्वांत शेवटीं हात लावावा. हा शेवटचा नियम घरांतील भांडणांसहि लागू पडतो, असा माझा अनुभव आहे.

कारागिरांनीं साडेतीनशें रुपये घेतले. मुलें आपापले कोपरे सोडून पुन्हां एका सतरंजीवर आलीं आहेत, आणि त्यांनीं आपण होऊन एक नवा नियम केला आहे: ज्याची पाळी पहिली, त्यानें तबकडी पुसावयाची, मध्यापासून कडेकडे, आणि बाकीच्यांनीं तोंवर थांबावयाचें.