तारापोर बेटाच्या शोधात

आमच्या फणसवाडीत फणसाचे झाड नाही, आणि वाडीबाहेर पडून चालत गाठावे त्या सी. पी. टँकला पाण्याचा थेंब नाही. कावसजी पटेलांनी बांधलेला तो तलाव केव्हाच बुजला. पण टॅक्सीवाल्याला नाव सांगा, तो बिनचूक आणून सोडतो!

म्हणूनच की काय, अंदमानात सेल्युलर जेलचे दर्शन झाल्यावर सौ. शंखशिंपल्यांच्या दुकानात शिरली आणि मी तारापोर बेटाचा हट्ट धरला. 23 जानेवारी 2023 रोजी तिथल्या 21 बिननावाच्या बेटांना परमवीरचक्राच्या 21 मानकऱ्यांची नावे दिली गेली. त्यांतले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जन्माने मुंबईचे. आडनाव आपल्या पालघरकडच्या तारापूरचे.

1965 च्या युद्धात ते पूना हॉर्सचे प्रमुख होते. सियालकोट आघाडीवर जखमी झाले, तरी मागे जाईनात. 16 सप्टेंबरला बुतुर डोग्रांडीपाशी ते पडले. वय अवघे 42. आपले दहन रणभूमीवरच करावे, प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, अंगठी मुलीला, फाउंटन पेन मुलाला, असे त्यांनी सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते.

त्याच युद्धात आमच्या शेजारच्या आजींचा मुलगा गेला. आता आजीही नाहीत. त्यांची खोली चाळीत अजून 'जवानाची खोली' म्हणूनच ओळखली जाते. पण जवानाचे नाव विचाराल, तर मलासुद्धा क्षणभर थांबावे लागते.

मायाबंदरच्या धक्क्यावर एक होडीवाला भेटला. त्याचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामावर आलेले.

"कौन तारापोर?" त्याने विचारले.

मी सारी हकीकत सांगत गेलो. होडी खाडीबाहेर पडली, तशी बेटांमागून बेटे दिसू लागली. खारफुटी पाण्यात पाय सोडून बसलेली, वर अंधारे रान, आणि एका वठलेल्या झाडावर समुद्रगरुड. माणसाची चाहूल कुठेच नाही. अंदमान-निकोबारची लहानमोठी बेटे आणि खडक मिळून 836. वस्ती आहे ती जेमतेम 31 बेटांवर. रानात उतरायचे तर परवाना हवा, तो माझ्यापाशी कुठला? समोरच्या बेटांना होडीवाल्याच्या घरात वेगळीच नावे होती. एक 'मगरवाला', एक 'मीठा पानी'. यांत तारापोर आहे का, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

परतताना तो बराच वेळ गप्प होता. धक्का जवळ आला तसे त्याने इंजिन बंद केले आणि विचारले,

"बाबूजी, वो पेन लड़के को मिला?"